बारव प्रकल्पाच्या नोंदी: मराठी विकिपीडियावरचे पहिले तीन महिने

४ मे २०२४

वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने आज होकार दिला. आमचे वाचनालय सातारा जिल्ह्यातले, ‘क’ वर्गाचे, आणि मी तिथली ग्रंथपाल. सुट्टीत कॉलेजची आठ-दहा मुले हाताशी घ्यायची, गावच्या बारवेची (पायऱ्यांच्या विहिरीची) माहिती मराठी विकिपीडियावर नीट लिहायची, फोटो कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रभांडारात) चढवायचे, असा बेत आहे. मे महिना मुद्दाम धरला. पाणी तळाला गेले आहे, सगळ्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंचे कोनाडे उघडे आहेत. पाऊस लागला की खालच्या अकरा पायऱ्या दिवाळीपर्यंत दिसत नाहीत.

नोंदी ठेवायचे कारण एवढेच, की पुढच्या वर्षी दुसऱ्या एखाद्या वाचनालयाला हेच करावेसे वाटले तर त्यांची पहिली ठेच तरी वाचावी.

६ मे

खाते उघडले. आधी वाचनालयाच्या नावाने उघडणार होते, म्हणजे मी रजेवर असले तरी काम थांबायला नको. मदतपाने वाचली आणि हात आवरला. खाते एका माणसाचे असते, संस्थेचे नाही. एका खात्यावरून पाच जण लिहू लागले तर कोणते वाक्य कोणाचे, हे कोणालाच सांगता येणार नाही. इथे तर प्रत्येक बदल ‘इतिहास पहा’मध्ये नावानिशी आणि वेळेनिशी कायम राहतो. वाचनालयाच्या देवघेव वहीत आपण तेच करतो, त्यामुळे मला ते लगेच पटले.

टाइप करण्यासाठी वेगळे काही बसवावे लागले नाही. कंट्रोल आणि एम दाबले की मराठी लिपी सुरू होते, तेच पुन्हा दाबले की बंद. अक्षरांतरण किंवा इनस्क्रिप्ट, जे हाताला बसलेले असेल ते घ्यावे.

अडले ते दुसरीकडेच. वाक्याला संदर्भ म्हणून एका संकेतस्थळाचा दुवा जोडला, तर जतन करताना वेडीवाकडी रोमन अक्षरे ओळखून लिहा असा चौकोन आला. नव्या खात्याने बाहेरचा दुवा दिला की तो येतो, कारण जाहिरातींचे दुवे टाकणाऱ्या यंत्रांना तिथेच रोखायचे असते. कारण रास्त आहे. पण मराठीत लिहायला बसलेल्या, इंग्रजी अक्षरांशी सलगी नसलेल्या आमच्या गावच्या एखाद्या काकूला तिथूनच परत फिरावे लागेल, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. छापील पुस्तकाचा संदर्भ दिला तर तो चौकोन येत नाही. मुलांना आधी पुस्तकांचेच संदर्भ द्यायला शिकवायचे ठरवले.

७ मे

दिवसभर धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर. शब्द किती नेमका आहे! धुळीत बोटाने गिरवावे आणि पुसावे, तशी ही जागा. ठळक अक्षरे, विभागांची शीर्षके, संदर्भ, साचा, वर्ग हे सगळे इथे करून पाहिले. कोणी हरकत घेतली नाही.

९ मे

आज पहिल्यांदा माझे लिखाण उलटवले गेले.

लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीचा मजकूर सुधारायला घेतला होता. सातारा शहरापासून ही विहीर जवळच. शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. छापील वर्णनांत खोली ११० फूट आणि व्यास ५० फूट दिलेला असतो. मी गेल्या वर्षी तिथे उभी राहून मोटेच्या जागा मोजल्या, त्या पंधरा भरल्या. म्हणून लिहिले, ‘प्रत्यक्षात येथे पंधरा मोटांची सोय आहे.’ वीस मिनिटांत वाक्य गेले. बदलाच्या सारांशात दोनच शब्द होते: ‘संदर्भ द्यावा’.

वाईट वाटले. डोळ्यांनी पाहिलेले खोटे कसे असेल? संध्याकाळपर्यंत मनातल्या मनात त्या माणसाशी भांडले. मग ‘मूळ संशोधन नको’ या धोरणाचे पान सावकाश वाचले. पाहणे खोटे ठरत नाही, पण ते वाचणाऱ्याला तपासता येत नाही. मला कोणी ओळखत नाही. उद्या दुसरा येईल आणि ‘मी मोजले, तेरा भरले’ म्हणेल. दोन अनोळखी माणसांच्या मोजण्यात निवाडा करायला विकिपीडियाकडे साधन नाही. म्हणून ते विचारतात, कुठे छापले आहे?

वाचनालयातच संदर्भ सापडला. सातारा जिल्ह्यावरच्या एका पुस्तकात पंधरा मोटा एका वेळी चालू शकत होत्या असे स्पष्ट लिहिले आहे. पानाच्या क्रमांकासह तेच वाक्य पुन्हा घातले. टिकले.

त्याच पुस्तकाने नवा प्रश्न दिला. काही लेखक विरूबाईंना साताऱ्याच्या शाहू महाराजांची राणी म्हणतात, काही उपस्त्री म्हणतात. मी एक बाजू घेऊन लिहिणार होते. तटस्थपणाचे धोरण सांगते की जाणकारांत मतभेद असतील तर दोन्ही मते, कोणाची ती सांगून, मांडावीत. तसे केले. ते वाक्य लिहायला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात मी त्या बाईंचा जितका विचार केला तितका आजवर केला नव्हता.

११ मे

खात्याला चार दिवस पूर्ण झाले, बदलही दहाच्या वर गेले होते. एक अर्धसुरक्षित (अगदी नव्या खात्यांना बंद असलेले) पान आज संपादनासाठी खुले झाले, परवा त्यावर नुसतेच ‘स्रोत पहा’ दिसत होते. पानांचे शीर्षक बदलून स्थानांतर करायचा पर्यायही आला. इतिहासातल्या मोठ्या माणसांच्या पानांवर असे कुलूप असणे मला योग्यच वाटते. तिथे भावनेच्या भरात लिहिणारे रोज येतात.

मुलांनी विचारले, इंग्रजीत पण असंच का? तिथे चार दिवस आणि दहा संपादने लागतात, आणि काही वादाच्या पानांसाठी तीस दिवस आणि पाचशे संपादने. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपले नियम आपणच ठरवतो. इंग्रजीतला नियम मराठीच्या चर्चापानावर दाखवून वाद घालायचा नाही, हे आजच वहीत लाल शाईने लिहून ठेवले.

१४ मे

कार्यशाळा. अकरा मुले, वाचनालयाचे एकच वायफाय. सहा जणांची खाती झाली आणि सातवीला नकार आला. पुन्हा करून पाहिले, पुन्हा नकार. ती पोर रडवेली झाली, तिला वाटले तिचेच काही चुकले.

चूक माझी. एका आयपी पत्त्यावरून एका दिवसात सहाच खाती उघडता येतात, हे मी आधी वाचायला हवे होते. खोट्या खात्यांची फौज उभी राहू नये म्हणून ही मर्यादा आहे. कार्यशाळा असेल तर काही दिवस आधी कळवून ती तेवढ्यापुरती उठवून घेता येते, किंवा खाती उघडून देण्याचा अधिकार असलेला एखादा अनुभवी सदस्य बरोबर असावा लागतो. उरलेल्या पाच जणांना घरी पाठवले आणि आपापल्या फोनवरून खाते उघडायला सांगितले.

रात्री त्यातल्या दोघांचा फोन आला. मोबाइलच्या नेटवरून खातेच उघडता येत नाही, ‘तुमचा पत्ता प्रतिबंधित आहे’ असे येते. मोबाइल कंपन्यांचे पत्ते हजारो गिऱ्हाइकांत फिरत असतात. त्यातल्या एकाने धुडगूस घातला की सगळी आळी बंद होते. त्या दोघांना दुसऱ्या दिवशी वाचनालयात बोलावले. चोवीस तास उलटले, सहाची मोजणी नव्याने सुरू झाली, आणि काम झाले.

पुढच्या वेळी कार्यशाळेच्या आदल्या आठवड्यात सगळ्यांची खाती तयार हवीत. म्हणजे त्यांचे चार दिवसही भरतील.

१६ मे

सकाळी सहाला बारवेत. टेपने मापे घेतली, धाव (मोट ओढताना बैल चालतात ती वाट) मोजली, थारोळ्याचा (मोटेचे पाणी पडते त्या हौदाचा) दगड धुऊन काढला. वरच्या टप्प्यावर उजव्या हाताला एक शिळा आहे, पाच ओळींची, पार झिजलेली. पहिली ओळ ‘श्री’ने सुरू होते, पुढचे कोणाला लागत नाही.

आबा काठी टेकत आले. नव्वदीला पोचलेत, लहानपणी याच धावेवर बैलांमागे धावलेले. म्हणाले, “आगं, ही अहिल्यादेवीनं बांधली. माझा आजा सांगायचा.” मुलांनी लगेच लिहून घेतले. मीही घेतले. मापे आणि आबांचे बोलणे वाचनालयाच्या दप्तरात जातील, विकिपीडियावर नाही, हे मुलांना समजावताना मात्र माझाच जीव कासावीस झाला.

१८ मे

कॉमन्सवर चौतीस फोटो चढवले. इथे विचारतात, फोटो कोणी काढला? फोटो कोणाच्या घरात आहे, याला महत्त्व नाही. एका मुलाने आजोबांच्या अल्बममधला बारवेवरच्या लग्नाचा जुना फोटो आणला होता. अल्बम त्यांचा, पण काढणारा तालुक्याचा फोटोग्राफर, त्याचे नावही आठवत नाही. चढवला नाही.

दुसऱ्या मुलीने शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या अहिल्यादेवींच्या चित्राचा फोटो टाकला. दोन दिवसांत तो वगळण्याच्या यादीत गेला (ही ओळ २० तारखेला जोडली). तिला पटेना, कारण चौकातल्या पुतळ्याचा फोटो मात्र राहिला होता. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात कलम ५२ मध्ये तो फरक आहे. सार्वजनिक जागी कायम असलेल्या इमारतीचा आणि शिल्पाचा फोटो चालतो, भिंतीवरच्या चित्राला ती सवलत नाही. चित्र रंगवणारे सर अजून शाळेतच आहेत. त्यांनी स्वतः लेखी परवानगी ईमेलने पाठवली तर फोटो परत येऊ शकतो. मुलगी उद्या त्यांच्याकडे जाणार आहे.

बारव म्हणजे इमारतच. तिचे सगळे फोटो सुखरूप आहेत.

२२ मे

‘काम चालू’चा साचा लावून बारवेचा स्वतंत्र लेख सुरू केला. बाराशे शब्द, अकरा फोटो, संदर्भ दोन. त्यातला एक आमच्या शाळेची स्मरणिका.

२३ मे

लेखावर उल्लेखनीयतेची सूचना लागली. चर्चापानावर एका जुन्या सदस्याने लिहिले होते, की विषयावर स्वतंत्र आणि विश्वासार्ह स्रोतांत पुरेसे लेखन नसेल तर वेगळा लेख टिकणार नाही, गावाच्या लेखात विभाग करावा. भाषा अत्यंत सभ्य. तरी मुले चिडली. एकाने मला न विचारता सूचना काढून टाकली, ती परत लागली, त्याने परत काढली.

मी त्याला खुर्चीत बसवले आणि इतिहासाचे पान दाखवले. त्याचे नाव दोनदा, समोरच्याचे दोनदा. “आता तू बरोबर असलास तरी कोण ऐकेल?” बदल उलटवला गेला की पुन्हा तेच करायचे नाही. चर्चापानावर जायचे, मुद्दा मांडायचा, चार टिल्डा (~ ही खूण) टाकून सही करायची आणि वाट पाहायची. त्याने स्वतः माफीची ओळ लिहिली. समोरून उत्तर आले, ‘काही हरकत नाही, लिहीत राहा.’

२५ मे

आज मीच लेखाचा मजकूर गावाच्या लेखात हलवला. बाराशे शब्दांचे एकशे ऐंशी झाले. स्वतंत्र पानाच्या जागी पुनर्निर्देशन, म्हणजे ते उघडले की गावाचा लेख येतो. उल्लेखनीयतेची कसोटी त्यांनी नियमाप्रमाणेच लावली, ती मला मान्य आहे. पण जे गाव कधी कोणी लिहिलेच नाही, त्याचा दगड कितीही जुना असला तरी कागदाअभावी मागे राहतो, ही खंत आहेच. या प्रकल्पाचे खरे काम कोणते, ते मला त्या एकशे ऐंशी शब्दांनी दाखवले. आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली होती. आधी कागद तयार व्हायला हवा.

२९ मे

ग्रामपंचायतीतून निरोप: २०१९ साली गाळ काढला तेव्हा कोणी किती वर्गणी दिली, ती नावे विकिपीडियावर घाला. ती नावे ज्ञानकोशात बसत नाहीत हे सांगितले. शिवाय गाळ काढण्यात वाचनालयही होते, मी स्वतः पाट्या उचलल्या होत्या. आपल्या हातच्या कामाबद्दल आपणच लिहायचे नाही, म्हणून चर्चापानावर माझा संबंध उघड केला आणि त्या दिवसांतल्या बातमीचा संदर्भ ठेवला. घ्यायचे की नाही ते दुसऱ्या कोणीतरी ठरवावे. सरपंच थोडे नाराज झाले. वाचनालयात नावांचा फलक लावू म्हटल्यावर हसले.

३ जून

एका मुलीने मोटेवर तीन परिच्छेद लिहिले. वाचताच संशय आला, भाषा तिची नव्हती. एका संकेतस्थळावरून उचलले होते. प्रचालकांनी (विकिपीडियाची देखरेख करणाऱ्या सदस्यांनी) तासाभरात काढले. तिचे म्हणणे, “ताई, खाली त्यांचं नाव दिलं होतं की.” नाव दिल्याने परवानगी मिळत नाही. विकिपीडियावरचे लिखाण क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली जाते, म्हणजे कोणीही ते घ्यावे, बदलावे, विकावेसुद्धा. दुसऱ्याचे लिखाण असे वाटून टाकायचा हक्क आपल्याला नाही.

मग कपाटातून केतकरांचा ज्ञानकोश काढला. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे प्रताधिकार राहतो, म्हणजे त्यांचे लिखाण १९९८ पासून सगळ्यांचे झाले. मुलांनी ते जड खंड पहिल्यांदाच हातात घेतले. एका माणसाने वर्गणीदार जमवून मराठीत ज्ञानकोश उभा केला, हे सांगताना माझा आवाज थोडा बदलला असावा, कारण सगळी गप्प झाली.

तिथेही एक सावधगिरी आहेच. मजकूर घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, पण शंभर वर्षांपूर्वीची मते, विशेषतः जातींविषयीची, आजच्या लेखात जशीच्या तशी ठेवता येत नाहीत. मोटेच्या परिच्छेदासाठी त्या मुलीने शेवटी दोन पुस्तके वाचून स्वतःच्या शब्दांत सहा ओळी लिहिल्या. चांगल्या आहेत.

२१ जून

पाऊस. खालच्या चार पायऱ्या गेल्या.

१२ जुलै

आज जे घडले ते सविस्तर लिहायला हवे.

आमच्यातला एक अकरावीतला मुलगा धावत आला, हातात वर्तमानपत्राचे तालुक्याचे पान. आमच्या बारवेवर पाव पान मजकूर आणि त्यात छापलेले, ‘ही बारव अहिल्यादेवी होळकर यांच्या काळातील असावी, असे जुनेजाणते सांगतात.’ मुलगा आनंदाने थरथरत होता. “ताई, मिळाला संदर्भ! आता आबांचं खरं झालं.”

मलाही क्षणभर तसेच वाटले. मग वाक्य पुन्हा वाचले. ‘जुनेजाणते सांगतात’ हे शब्द माझे होते. दप्तरातच ठेवायचे म्हटले असूनही २२ मे रोजी मी घाईने लेखात ते वाक्य, मापांसह, घातले होते आणि २५ तारखेला मजकूर हलवताना संदर्भ नाही म्हणून स्वतःच काढले होते. ते तीनच दिवस होते. त्या तीन दिवसांत कोणीतरी ते उचलून ठेवले आणि आता छापले. मापेसुद्धा आमचीच, आमच्या टेपची, अर्ध्या फुटाच्या चुकीसकट.

ही बातमी संदर्भ म्हणून लावली असती तर कोणी हटकले नसते. वर्तमानपत्र आहे, तारीख आहे, पान आहे. उद्या एखाद्या पुस्तकात बातमीचा हवाला येईल, परवा त्या पुस्तकाचा हवाला विकिपीडियावर. मुळाशी मात्र आबांचा आजा आणि माझी घाई, एवढेच असेल. अहिल्यादेवींनी खरोखर इतक्या ठिकाणी बारवा आणि घाट बांधले आहेत, की प्रत्येक अनाम बारव त्यांच्याच नावावर टाकायचा मोह होतो. त्यांच्या खऱ्या कामाशीही तो अन्याय आहे.

मुलाला इतिहासाच्या पानावर २२ मेची आवृत्ती काढून दाखवली. दोन्ही वाक्ये शेजारी ठेवली. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे ही बातमी आपणच लिहिली.” चर्चापानावर नोंद त्यानेच केली: ही बातमी या लेखाच्या जुन्या आवृत्तीवरून घेतलेली दिसते, बांधकामाच्या काळासाठी संदर्भ म्हणून वापरू नये. सही केली. तीनदा वाचून मगच प्रकाशित केली.

संध्याकाळी आबांकडे गेले. तुमचे सांगणे लेखातून काढले हे त्यांना सांगणे मला जड गेले. ते म्हणाले, “मी पायलं नाय गं बांधताना. आजानंबी पायलं नसंल.”

२४ जुलै

शिळेचे ठरले. साताऱ्याहून शिलालेखांचे एक जाणकार येऊन पाहून गेले. तिसऱ्या ओळीत शक, म्हणजे बांधकामाचे वर्ष असावे, पण ओल असताना ठसा घेता येणार नाही. ओला कागद शिळेवर बसवून ब्रशने ठोकतात, वाळत आला की शाईचा बोळा फिरवतात. हे कोरड्या हवेतच जमते. ग्रामसभेने परवानगीचा ठराव केला. वाचन झाले की ते इतिहास संशोधनाच्या एखाद्या नियतकालिकाकडे द्यायचे, तिथल्या जाणकारांनी तपासायचे, छापून आले तरच आम्ही विकिपीडियाकडे जायचे. याला वर्ष लागेल, दोनही लागतील.

मंडळात एकाने विचारले, इतका खटाटोप विकिपीडियावरच्या एका ओळीसाठी? मी म्हटले, हो. त्या ओळीत बांधणाऱ्याचे नाव असेल.

११ ऑगस्ट

सकाळी निरीक्षणसूची (लक्ष ठेवलेल्या पानांवरच्या बदलांची यादी) उघडली तर गावाच्या लेखात रात्री एक बदल. मी ‘मोटेचे पाणी ज्या हौदात पडते’ असे लिहिले होते. कोणा अनोळखी सदस्याने ‘हौदात’ खोडून ‘थारोळ्यात’ केले. सारांश: ‘नेमका शब्द’. बारवेत उभी असताना मीही थारोळेच म्हणते. लिहायला बसले की हात कोणास ठाऊक का हौदाकडे गेला. शब्दकोश काढून पाहिला, शब्द बरोबर आहे. त्या बदलापुढचे आभाराचे बटण दाबले.

खालच्या अकराही पायऱ्या आता पाण्यात आहेत. ठशाचा कागद आणि शाई कार्तिकात आणायची. चित्रकार सरांची ईमेल अजून गेलेली नाही, सोमवारी शाळेत जाऊन आठवण करायची.